मोटर कोणती, याच्या आधीचं: उपग्रहामागे फिरणारी अँटेना घरच्या घरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत घराच्या स्लॅबवर तुम्ही 145 मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची आणि 435 ची सात एलिमेंटची यागी, म्हणजे एका दिशेला बघणारी दांड्यांची अँटेना, एकाच पीव्हीसी बूमवर, म्हणजे आडव्या नळीवर, बांधली आहे. आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, आणि आरएस-44 हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकायचे आहेत. हौशी (हॅम) रेडिओच्या परवान्याची परीक्षा व्हायची आहे, त्यामुळे सध्या नुसतं ऐकणं. अँटेना आपोआप फिरावी म्हणून 996 नंबरचे दोन सर्वो (सांगितलेला कोन धरून राहणाऱ्या छोट्या मोटरी) लावले, आठवड्याभरात दोन्ही जळाले. थ्रीडी प्रिंटर नाही, खर्च सहा हजारांच्या आत बसवायचा आहे. आता स्टेपर (मोजून पावलापावलाने फिरणारी मोटर) घेऊ की डीसी गिअर मोटर?

मोटरचं उत्तर एका ओळीत देतो: वर्म गिअरची 12 व्होल्टची डीसी मोटर घ्या. पण एवढंच वाचून दुकानात गेलात तर तीही पावसाळ्याआधी जाईल. कारण सर्वो जळाले ते सर्वो होते म्हणून नाही. त्यांच्यावर जे काम टाकलं ते कोणत्याच मोटरवर टाकू नये असं होतं.

हिशोब करा. 996 सर्वोचा जोर कागदावर दहा किलो-सेंटिमीटरच्या आसपास, तोही अगदी अडल्यावर, म्हणजे तो फार वेळ सोसणारच नाही इतका. तुमच्या दोन्ही अँटेना, बूम, कनेक्टर आणि लोंबणारी केबल मिळून दीड किलो धरू. या सगळ्याचा तोल जिथे साधतो तो बिंदू आसापासून दहा सेंटिमीटर बाजूला असेल, तर अँटेना नुसती आडवी धरून ठेवायला पंधरा किलो-सेंटिमीटर लागतात. यात वारा आलाच नाही. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोने ढकलतो. वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट.

माझा पहिला रोटेटर, म्हणजे अँटेना फिरवणारं यंत्र, मीही असाच केला होता, फक्त सर्वोच्या जागी स्टेपर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कपलिंग टर्न करून घ्यायला गेलो, तर टर्नरने ड्रॉइंग उलटसुलट बघितलं आणि एकच विचारलं, "सायेब, ह्याचं वजान कशावर बसतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वजन मोटरच्या शाफ्टवर बसत होतं. जातं दळताना हात खुंट्याला असतो, वजन खालच्या तळीवर असतं. मोटर म्हणजे खुंट्यावरचा हात. तिने फक्त वळवायचं. तुमच्या रचनेत तळीच नाही.

ती तळी कशी करायची याकडे येतो, पण त्याआधी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न. तुम्हाला दोन आस खरंच हवेत का?

अँटेना दोन दिशांनी फिरते. एक जमिनीला समांतर, म्हणजे ॲझिमथ, आणि दुसरी वर-खाली, म्हणजे एलिव्हेशन. दुसरा आस आला की खर्च, वजन आणि कटकट दुपटीहून जास्त वाढते. आता आयएसएस बघा. तो साधारण 420 किलोमीटर उंचीवर आहे. क्षितिजावर उगवतो तेव्हा तुमच्यापासून जवळजवळ 2,350 किलोमीटर लांब असतो, डोक्यावर येतो तेव्हा 420. एवढ्या अंतराचा फरक म्हणजे सिग्नलमध्ये सुमारे 15 डेसिबल. म्हणजे उपग्रह जेव्हा वर असतो आणि तुमची आडवी अँटेना त्याच्याकडे बघत नसते, नेमका तेव्हाच तो इतका जवळ असतो की अँटेनाचा गेन, म्हणजे एका दिशेचा सिग्नल वाढवून घेण्याची ताकद, गेला तरी फार बिघडत नाही. गेनची खरी गरज खाली असते, क्षितिजापासून तीस अंशांपर्यंत. आणि बहुतेक पासचा, म्हणजे उपग्रहाच्या उगवण्यापासून मावळण्यापर्यंतच्या फेरीचा, बहुतेक वेळ तिथेच जातो.

म्हणून माझा सल्ला: आधी फक्त ॲझिमथ फिरवा. अँटेना वीस अंश वर करून बोल्टने पक्की करा. सात एलिमेंटच्या यागीचा झोत साधारण 45 अंश रुंद असतो, तीन एलिमेंटचा त्याहून मोठा. वीस अंशांवर बसवलेली अँटेना जवळजवळ शून्यापासून चाळीस अंशांपर्यंतचं सगळं झाकते. अगदी डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये मधले एक-दोन मिनिट आवाज खाली जाईल, तेवढं सोसा. मी दोन वर्षं असंच वापरलं आणि आयएसएसवरून 145.800 वर येणारी एसएसटीव्हीची, म्हणजे आवाजातून पाठवलेली, चित्रं त्या रचनेवर उतरवली. काही तिरकी आली, पण त्यात अँटेनाचा दोष नव्हता, माझ्या साउंड कार्डच्या घड्याळाचा होता.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य. तुम्ही लांब, बारा-पंधरा एलिमेंटची अँटेना लावणार असाल, किंवा आणखी वरच्या बँडवर जाणार असाल, तर झोत अरुंद होतो आणि दुसरा आस लागतोच. घराच्या चारी बाजूंना उंच इमारती असतील आणि तीस अंशांच्या खालचं आकाशच दिसत नसेल, तरी लागतो. उलट कोणाला नुसती 137 मेगाहर्ट्झवरची मेटिओर उपग्रहांची हवामानाची चित्रं हवी असतील, तर रोटेटर मुळीच नको. तिथे सगळ्या आकाशाकडे बघणारी स्थिर क्यूएफएच अँटेना पुरते.

आता वेग आणि अचूकता. इथे नवशिक्यांची समजूत नेमकी उलटी असते. अचूकता भरपूर हवी आणि वेग थोडका चालेल, असं वाटतं. प्रत्यक्षात 45 अंशांच्या झोतात अँटेना पाच अंश चुकली तर नुकसान साधारण 0.15 डेसिबल, दहा अंश चुकली तर 0.6. हे कानाला कळतसुद्धा नाही. वेगाचं मात्र वेगळं. आयएसएस कमाल 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या पासमध्ये असेल तर ॲझिमथ सेकंदाला जेमतेम एक अंश बदलतो. 60 अंशांच्या पासमध्ये पावणेदोन. 80 अंशांच्या पासमध्ये माथ्यावर जवळजवळ सहा, आणि 85 अंशांच्या पासमध्ये बारा. शेवटच्या आकड्यामागे धावू नका. त्या काही सेकंदांत उपग्रह डोक्यावर असतो, अँटेना मागे राहिली तरी लगेच गाठते. सेकंदाला सहा ते दहा अंश फिरणारा रोटेटर पुरेसा. आरएस-44 याहून बराच वर, हजार किलोमीटरच्या पुढे आहे. त्याचा पास वीस मिनिटांवर जातो आणि तो इतका निवांत चालतो की हाताने फिरवलं तरी चालेल.

हाताचं निघालं म्हणून सांगतो. रोटेटरला हात घालण्याआधी किमान वीस पास अँटेना हातात धरून ऐका. कुठे आवाज पडतो, कोणत्या बाजूला शेजारच्या टाकीची सावली येते, बूम गोल पिळल्यावर ध्रुवीकरणामुळे (लहरींच्या आडव्या-उभ्या कलामुळे) सिग्नल कसा उठतो, हे मनगटाला कळलेलं असलं की पुढे यंत्र चुकतंय का आकाश, हे ओळखता येतं. 437 वर डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, पासभरात फ्रिक्वेन्सी वीसेक किलोहर्ट्झ सरकते. ती बघत बघत अँटेनाही सांभाळायला दोन हात कमी पडतात, तेव्हा रोटेटरची खरी गरज पटते.

आता तळी. थ्रीडी प्रिंटर नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, आपल्या उन्हात छापील प्लास्टिकचे गिअर तसेही वाकतात. भंगारातून जुन्या सायकलचा पुढचा फोर्क आणि तो ज्यात बसतो ती हँडलखालची नळी, कप-कोन-छर्‍यांसकट कापून आणा. हे बेअरिंग माणसाचं वजन आणि खड्ड्यांचे दणके पेलायला बनलेलं असतं, तुमची दीड किलोची अँटेना त्याला काहीच नाही. हे सगळं उलटं वापरायचं: फोर्कच्या दोन तंगड्या आकाशाकडे. म्हणजे अँटेनाचं वजन खाली दाबतं ते मोठ्या कपावरच. नळी मास्टच्या, म्हणजे अँटेनाच्या खांबाच्या, पाइपला यू-क्लॅम्पने बांधा. तंगड्या वीतभर ठेवून कापा आणि वर पाच मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून घ्या. आज त्या पट्टीवर बूम पक्का बसेल. उद्या एलिव्हेशन करावंसं वाटलं तर तिथेच दोन यूसीपी 204 पिलो ब्लॉक (बेअरिंगचे ठोकळे) आणि 20 मिलिमीटरचा शाफ्ट बसेल, खालचं काही तोडावं लागणार नाही.

खाली फोर्कच्या नळीच्या टोकाला 48 दात्यांचं चक्र आणि मोटरच्या शाफ्टला 16 दात्यांचं, मध्ये सायकलची चेन. मोटर पाच आरपीएमची घेतली तर शाफ्ट सेकंदाला 30 अंश फिरतो, चेनने तिप्पट कमी होऊन अँटेना 10 अंश. हवा तोच वेग. एक मात्र लक्षात ठेवा: सायकलचं मागचं फ्रीव्हील तसंच लावलंत तर अँटेना एका बाजूला फिरेल आणि दुसऱ्या बाजूला नुसती टकटक ऐकू येईल. फ्रीव्हील आतून वेल्ड करा किंवा साधं चक्र घ्या. आणि मोटरच्या शाफ्टवर नुसत्या ग्रब स्क्रूवर (चक्र शाफ्टला आवळणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूवर) विसंबू नका. शाफ्टला कानसने सपाट जागा करा आणि स्क्रू तिथे टेकवा.

वर्म गिअर कशासाठी? कारण तो उलटा फिरत नाही. मोटर बंद असताना वाऱ्याने अँटेना ढकलली तरी ती जागची हलत नाही, आणि धरून ठेवायला वीज लागत नाही. तुमचा सर्वो क्षणभरही थांबत नव्हता, सतत करंट ओढत झगडत होता. स्टेपरलाही धरून ठेवायला करंट लागतो आणि तोही तापतो. वायपर मोटर अनेकजण सुचवतील, कारण ती स्वस्त मिळते आणि आत वर्मच असतो. पण ती मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या मारते. तुमच्या कामाला ते फार. शिवाय पुष्कळ वायपर मोटरींत निगेटिव्ह थेट बॉडीला जोडलेला असतो. उलटी फिरवायला गेलात की बॉडीवर पॉझिटिव्ह येतो, आणि ती बॉडी तुमच्या आर्थ केलेल्या मास्टला चिकटलेली असते. मी असा एक फ्यूज उडवला आहे. नशीब, फ्यूज होता.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. अँटेना कुठे बघते आहे हे मोटरला विचारू नका, अँटेनाला विचारा.

माझ्या स्टेपरच्या रचनेत कॉम्प्युटर पावलं मोजायचा. एके दिवशी ग्रब स्क्रू ढिला झाला. स्क्रीनवर अँटेना उत्तरेला, प्रत्यक्षात पश्चिमेला. तीन दिवस मी नुसता खरखराट ऐकत बसलो. रिसीव्हर उघडला, प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) बदलला, कनेक्टर नव्याने सोल्डर केले. चौथ्या दिवशी बायको कपडे वाळत घालायला वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "तुमची ती अँटेना आज काय पन्हाळ्याकडे तोंड करून बसलीय?"

तेव्हापासून सेन्सर नेहमी फिरणाऱ्या भागावर, चेनच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. ॲझिमथसाठी मला दहा फेऱ्यांचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे पॉट (फिरवलं की रोध बदलणारा भाग), आवडतं. चुंबकीय सेन्सर, म्हणजे एएस5600 वगैरे, सुबक आहे, पण तो एकाच फेरीचं सांगतो. आपल्याला 360 नव्हे, 450 अंश फिरण्याची मुभा हवी असते, आणि वीज जाऊन आल्यावर आपण पहिल्या फेरीत आहोत की दुसऱ्या, हे त्याला कळत नाही. पॉटला कळतं, कारण त्याचा काटा जिथे होता तिथेच असतो. पॉट आणि अँटेना यांच्यात पाचास-एक गुणोत्तराचे छोटे दाते ठेवले की 450 अंशांत पॉट सव्वासहा फेऱ्या फिरतो. आर्डुइनो (रोटेटर चालवणारा छोटा कंट्रोल बोर्ड) त्यातून साधारण 0.7 अंशाचा फरक ओळखतो. आपल्याला पाच अंश पुरतात. म्हणजे उरून पुरतं.

होकायंत्राची चिप मात्र टाळा. शेजारी लोखंडी फोर्क, खाली लोखंडी पाइप आणि बाजूला मोटरचं चुंबक, एवढ्या गराड्यात ती खरं बोलत नाही. पुढे एलिव्हेशन कराल तेव्हा बूमवर एमपीयू6050 हा कल मोजणारा सेन्सर लावा, कारण गुरुत्वाकर्षण कोणी फसवत नाही. वाऱ्याने थरथर असते म्हणून दहा-वीस वाचनांची सरासरी घ्या. त्या वेळी मोटरऐवजी एखाद्या जुन्या केबलवाल्याकडे विचारून बघा. मोठ्या जाळीच्या सी-बँड डिशला 36 व्होल्टचे लांब ॲक्च्युएटर (मोटरने लांब-आखूड होणारे दांडे) असायचे. बऱ्याच गोदामांत ते अजून धूळ खात पडले आहेत. 24 व्होल्टवर जोडून घड्याळ लावा. तुमच्या बिजागरीच्या मापाने पूर्ण 90 अंश दीड-दोन मिनिटांत होत असेल तर घेऊन या.

450 अंश कशाला, ते राहिलं. आयएसएस पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. कधी तुमच्या उत्तरेकडून, कधी दक्षिणेकडून. रोटेटर उत्तरेला अडत असेल तर उत्तरेकडून जाणाऱ्या प्रत्येक पासच्या ऐन मध्यावर अँटेना उलटी पूर्ण फेरी मारायला निघते. अडथळा दक्षिणेला ठेवला तर दक्षिणेकडच्या पासमध्ये तेच. 90 अंशांची जादा मुभा असली की बहुतेक वेळा हे टळतं. तेवढी केबल सैल वळसा घालून सोडा. आणि ती केबल आरजी-58 असेल तर 435 वर दहा मीटरला तीनेक डेसिबल, म्हणजे निम्मा सिग्नल, वाटेतच जातो. रोटेटरवर सहा हजार घालण्याआधी अँटेनापाशी एक प्रीॲम्प बसवलात तर फरक जास्त जाणवेल.

कंट्रोलची बाजू सोपी आहे, लोक उगाच घाबरतात. कॉम्प्युटरवर उपग्रह कुठे आहे ते सांगणारा जीप्रेडिक्ट, मध्ये निरोप पोचवणारा हॅमलिबचा रॉटसीटीएलडी हा प्रोग्राम, पुढे आर्डुइनो, इझीकॉम ही रोटेटरच्या आज्ञांची भाषा समजून घेणारा. आर्डुइनोचं काम एवढंच: अँटेना हव्या दिशेपासून ठरावीक अंशांहून जास्त लांब असेल तर मोटर चालू, पोचली की बंद. तो ठरावीक आकडा चेनच्या सैलपणापेक्षा मोठा ठेवा. चेनमध्ये तीन अंशांचा प्ले असेल आणि तुम्ही हट्टाने एक अंश ठेवलात, तर अँटेना पुढे-मागे डोलत राहते आणि मोटर कधी गप्प बसत नाही. मी पाच ठेवतो. डोळ्यांना ते झटक्याझटक्याने फिरणं दिसतं, कानांना काही कळत नाही.

मोटर गप्प बसण्याचा दुसरा फायदा रेडिओचा. पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवणं), व्होल्टेज उतरवणारे स्वस्त बक कन्व्हर्टर आणि स्टेपरचे ड्रायव्हर 145 मेगाहर्ट्झवर छान खरखर करतात. ऐकायला बसलात आणि पासभर आपलीच मोटर ऐकली, असं होतं. मी शेवटी पीडब्ल्यूएम काढून दोन साधे रिले लावले. मोटर पूर्ण वेगात अर्धा सेकंद चालते, मग दहा सेकंद शांतता. मोटरच्या टर्मिनलवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वायरीवर फेराइटचं कडं, एवढ्यावर भागलं.

पावसाचं लांबवत नाही. मोटरवर उलटी प्लास्टिकची बरणी, खालून उघडी. सगळं हवाबंद करायला गेलात तर आत दव धरतं. वळवाच्या दिवसांत पास संपला की केबल काढून ठेवायची, आणि मास्टला स्वतंत्र आर्थिंग. माझी दुसरी अँटेना एका मे महिन्यात शेजारच्यांच्या आंब्यात सापडली, तेव्हापासून मास्टला तीन तारांचे ताणही असतात.

राहिली उत्तर दिशा. होकायंत्र आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे अंशभराच्या आसपास, म्हणजे सोडून देण्याजोगा, पण लोखंडी पाइपजवळ होकायंत्राचा भरवसा नाही. दुपारच्या सावलीवरून दिशा काढायचा सल्ला मिळेल. सांगली-कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात तो करून बघू नका, त्या दिवसांत दुपारी सावलीच नाहीशी होते. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं ठेवा आणि उपग्रहाचे टीएलई, म्हणजे कक्षेचे आकडे, आठवड्याला नवे घ्या. घड्याळ दहा सेकंद चुकलं तर डोक्यावरच्या आयएसएसला तुम्ही दहा अंश चुकता.

मी जुळवणी सूर्यावर करतो. बूमला समांतर अर्धा इंची पाइपचा हातभर तुकडा दोन जागी टायने आवळायचा. जुळवणीपुरते बूमचे बोल्ट सैल करायचे. सकाळी साडेसात-आठला, सूर्य अजून खाली असताना, कुठल्याही आकाशदर्शन ॲपमध्ये त्या मिनिटाचा सूर्याचा ॲझिमथ बघायचा, तोच आकडा आर्डुइनोला द्यायचा आणि अँटेना थांबली की पाइपच्या मागे पांढरा पुठ्ठा धरायचा. पुठ्ठ्यावर पाइपची सावली लांबट पडली तर मास्टचा क्लॅम्प सैल करून थोडं फिरवा. उंचीपुरता बूम हाताने वर-खाली करा. सावली आखडत आखडत नुसती कडी उरते, आणि एका क्षणी तिच्या मधोमध गोल कवडसा पडतो. तेव्हा क्लॅम्प आवळा, मग बूम परत वीस अंशांवर आणून बोल्ट घट्ट करा.